आधी गवत, मग झाडं

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं ठाणं सोडून गावी राहायला आली. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. वरच्या अंगाला सडा म्हणजे कातळाचं पठार, खाली पश्चिमेकडे उतारावर दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. गेल्या मार्चमध्ये भर दुपारी खालून वणवा चढत आला. काजूची ४० कलमं होरपळली, ठिबकचे पाइप वितळले आणि पडवीला टेकून रचलेल्या लाकडांपर्यंत आग आली. वाडी धावून आली म्हणून घर राहिलं.

आता घरात तीन मतं आहेत. धाकटे दीर म्हणतात, जेसीबी आणून सगळं सपाट करा, तणनाशक मारा, घराभोवती पेव्हर ब्लॉक घाला. पुण्यात असलेली मुलगी म्हणते, इथलीच रानझाडं लावू, पक्षी येतील, फुलपाखरं येतील. ताईंनी स्वतः परदेशातल्या ‘न जळणाऱ्या बागां’चे व्हिडिओ पाहिले आहेत. त्या विचारतात: “आपल्याकडची न जळणारी झाडं कोणती? यादी द्या, दिवाळीनंतर लावून टाकते. पाखरांना बोलावणं आणि आगीपासून वाचणं एकत्र जमेल का? खालच्या अंगाचे आबा दरवर्षी आपलं वरकस पेटवतात, संबंध न बिघडवता त्यांना कसं सांगू? आणि जळलेल्या कलमांचं काय करू, काही खालून फुटली आहेत.”

ताई,

यादी देते, पण दिवाळीनंतर लावायला नाही. दिवाळीनंतर लावलेलं रोप फेब्रुवारीत पाण्यावाचून वाळणार आणि मार्चमध्ये वणव्याला सरपण होणार. लागवड जूनमध्ये, पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर. आत्ता, आश्विन-कार्तिकात, कोयता लागणार आहे, कुदळ नंतर.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. कॅलिफोर्नियात किंवा ऑस्ट्रेलियात मोठी आग लागते ती झाडांच्या शेंड्याशेंड्यावरून पळते. निखारे वाऱ्याबरोबर उडत खूप पुढे जाऊन लाकडी घरांवर पडतात. म्हणून कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका असलेल्या भागात घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळकं काही ठेवू नये असा कायदाच आहे, आणि घराला लागून असलेल्या पहिल्या पाच फुटांत जळण्यासारखं काहीच नसावं यावर आता तिथे सगळा भर आहे. आपला कोकणातला वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत चालतो. गवत, पातेरा म्हणजे गळलेला पालापाचोळा, सुकून काटक्या झालेलं रानमोडीचं तण हे त्याचं खाणं. उभं हिरवं झाड तो सहसा पेटवत नाही, बुंध्याशी भाजून पुढे जातो. तुमची कलमं गेली ती लहान होती म्हणून आणि बुडाशी गवत होतं म्हणून.

घराचंही तसंच. चिरा पेटत नाही, कौल पेटत नाही. पेटतात वासे आणि रिपा, आणि त्यांच्यापर्यंत आग पोचते ती आपणच ठेवलेल्या पायऱ्यांवरून: पडवीतली लाकडं, शेणींची रास, गोठ्यामागची पेंढ्याची उडवी, पावसाळ्यात लावलेली आणि काढायची राहून गेलेली झापांची झड, पन्हाळीत साचलेला पातेरा. तुम्हीच लिहिलं आहे की आग लाकडांच्या रचाईपर्यंत आली. म्हणजे दोन एकरांत कोणतं झाड होतं याला त्या दिवशी फारसं महत्त्व नव्हतं, पडवीला काय टेकलं होतं याला होतं. लाकडं घरापासून तीसेक फुटांवर, जमीन खरवडून, पत्र्याखाली रचा. हे आजच्या आज होतं आणि फुकट होतं.

‘न जळणारं झाड’ या शब्दांतच मला अडचण दिसते. असं झाड नसतं. पुरेसा पातेरा बुडाशी पेटला तर केळसुद्धा करपते. झाडांचे गुण दोन, आणि ते वेगवेगळे आहेत. काही झाडं आग जवळ येऊनही चटकन पेट घेत नाहीत, कारण पान जाड, रसदार, बारमाही हिरवं असतं: कोकम, करवंद, अंजनी, बकुळ. काही झाडं भाजली तरी मरत नाहीत, पुन्हा उठतात. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल बघा. वणव्यानंतर ती बाहेरून कोळसा झालेली असते, पण पात्याने जरा खरवडली की आत ओली लागते. कुंभा तसाच, पळस तसाच. डोंगराला ही दुसरी जात हवी. पण यातली बरीचशी नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात. सागाचं एकेक पान सुपाएवढं, त्याचा खच पेटला की काय होतं हे वाडीत कोणालाही विचारा. म्हणून ‘आगीला टिकणारं झाड’ म्हणून ऐन किंवा साग घराजवळ लावणं म्हणजे दारात पातेऱ्याचा कारखाना काढणं. ती झाडं असू द्या, लांब.

आता गवत. तुमच्या सासूबाईंच्या काळात हा प्रश्न असा नव्हता. गोठ्यात गुरं होती, दिवाळी झाली की माणसं गवत कापायला उतारावर जायची, पातेरा भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी भाताची जमीन भाजायला, गोळा व्हायचा, डोंगर जानेवारीपर्यंत बऱ्यापैकी मोकळा व्हायचा. आज गुरं कमी, कापणारे हात कमी, निम्म्या घरांना कुलूप. गवत कमरेएवढं उभं राहून तसंच वाळतं. मग कोणाची बिडी, कोणाची भाजावळ, मधाच्या पोळ्याखाली केलेला धूर, विजेच्या तारांची ठिणगी, निमित्त काहीही पुरतं.

तुमच्याकडे दुपारी आग खालून वर आली, हा योगायोग नव्हता. उन्हाळ्यात दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, आणि आग चढावर जास्त वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. पश्चिम उतारावर दोन्ही गोष्टी एका दिशेने जोर लावतात. म्हणून संरक्षणाचा पट्टा चारी बाजूंनी सारखा करण्यात पैसे घालवू नका. खालच्या, पश्चिमेच्या अंगाला रुंद करा, तीस फूट तरी. वरच्या, सड्याच्या बाजूला दहा-पंधरा फूट चालतील. पट्टा म्हणजे गवत मुळाशी कापून, उचलून नेलेली जमीन. कापून तिथेच पसरलेलं गवत म्हणजे पट्टा नव्हे. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात, गवत अजून थोडं ओलं असताना करा. वाळून आडवं पडलं की गवतकापणीचं मशीनही त्यात गुंडाळतं, आणि पातं कातळावर आपटून ठिणगी उडाली तर मशीनच वणवा लावतं. फेब्रुवारीत एकदा पुन्हा फिरून नवीन पडलेला पातेरा ओढून घ्या.

काही ठिकाणी असा पट्टा कापून मग जाळूनही घेतात. वनखात्याच्या जाळरेषा अशाच असतात. तुम्ही दोघांनी ते करू नका. जे करतात त्यांनी पहाटेचं दव असताना, वारा पडलेला असताना, आठ-दहा माणसं आणि पाणी हाताशी घेऊन, शेजाऱ्यांना आणि जवळ वन असेल तर वनरक्षकांना सांगून करावं.

तुमच्या भाऊजींचा हेतू चांगला आहे, आणि घराभोवती मोकळी जागा हवी हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. उपाय मात्र चुकला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावरची जांभ्या दगडावरची माती वीतभर. ती जेसीबीने उघडी केली की पहिल्याच पावसाळ्यात खाली खाडीला जाईल आणि उरलेल्या कातळावर पुढच्या वर्षी काय उगवेल तर रानमोडी. तणनाशकाची तर गंमतच. फवारल्यावर गवत नाहीसं होत नाही, उभ्याउभ्या वाळतं. म्हणजे डिसेंबरात वाळलं असतं ते ऑक्टोबरातच वाळवून ठेवायचं, पैसे देऊन.

पेव्हर ब्लॉकऐवजी त्यांना आपल्या खळ्याची आठवण करून द्या. पावसाळा संपला की अंगण खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवायचं. घराभोवती स्वच्छ, सपाट, एक काडी नसलेली जमीन. कॅलिफोर्निया आज जे पाच फूट सांगते आहे ते आपल्याकडे पंधरा-वीस फुटांचं होतं आणि त्याच्यावर भातही झोडपला जायचा. घराच्या चारी बाजूंना पाच ते दहा फूट तरी खळं करा, नाहीतर जांभ्याच्या फरश्या किंवा खडी घाला. या जागेत कुंड्या, तुळशीवृंदावन, फार तर कोरफडीचा वाफा. वेल भिंतीवर चढवू नका, चढवायचाच असेल तर वाळक्या दांड्या दर महिन्याला काढायची तयारी ठेवा.

खळ्यापलीकडे परडं, म्हणजे परसबाग. पाणी पोचेल तिथपर्यंत. तुम्ही विहिरीबद्दल काही लिहिलेलं नाही, पण एप्रिल-मेमध्ये सड्याखालच्या बहुतेक विहिरी तळ दाखवतात, तेव्हा भरपूर पाणी देऊन हिरवं ठेवायची बाग आखूच नका. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी मात्र रोज आहेच. ते पाटाने पश्चिमेच्या अंगाला काढा आणि त्यावर केळी, अळू, पपई लावा. सावलीला एखादं लिंबू, कढीपत्ता. हा पट्टा बारमाही ओला राहतो. वाळलेली केळीची पानं आणि सोपटं तेवढी कापत जा. हळद आवडत असेल तर लावा, पण ती जानेवारीत वाळते, म्हणून पाला काढल्याशिवाय ठेवू नका. नारळ असतील तर लोंबणारी सुकी झापं आणि पोय शिमग्याआधी उतरवून घ्या. बांबूचं बेट घराजवळ नको. माणगा असो की मेस, बुडाशी सोपटांचा ढीग होतो आणि बेट पेटलं की फुटणाऱ्या कांड्यांपाशी माणूस उभा राहू शकत नाही.

परड्यापलीकडे, घरापासून तीस फुटांनंतर, तुमची खरी बाग. इथे पाण्याची पहिली दोन-तीन वर्षं काळजी घ्यायची, नंतर झाडांनी आपलं आपण जगायचं. माझी पहिली पसंती कोकमाला. दाट, काळपट हिरवं, भर वैशाखातही पान गच्च, आणि फळ तुम्हाला आमसुलाला. फक्त बी टोकून लावू नका. कोकमात नर-मादी झाडं वेगळी, बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जातींची कलमं मिळतात, ती घ्या. कोकमाच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकतात. त्या मोठ्या झाडाला पुरुषभर उंचीपर्यंत छाटल्या तर जमिनीवरची आग वर चढत नाही. छाटायला जीव होत नसेल तर निदान घेराखालचा पाला काढत जा.

जिथे माती अगदीच कमी, कातळ वर आलेला, तिथे अंजनी. हळू वाढते, चटकन दिसत नाही म्हणून रोपवाटिकावाले ठेवत नाहीत, मागून घ्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि सगळ्या झाडाला मधमाश्यांचा आवाज लागतो. सुरंगीचंही तसंच, जागा आणि धीर असेल तर लावाच. वास तुमचा आणि गजऱ्याचे पैसे नातवंडांचे. बकुळ, जांभूळ, खाडीच्या बाजूला उंडी. उंडीच्या बियांचं तेल दिव्याला जळायचं म्हणून झाडही भडकेल अशी भीती काहींना वाटते. तिचं पान चामड्यासारखं जाड आणि हिरवं असतं, खाली पडलेली फळं मात्र गोळा करावीत.

कुंपणाला करवंद. दोन ओळींत, नागमोडी, पण सलग भिंत नको. दर वीस-पंचवीस फुटांवर पाच-सहा फुटांची फट ठेवा. आग एका जाळीत शिरलीच तर ती तिथेच संपावी आणि मुंगूस-साळिंदराला वाटही राहावी. करवंदीची जाळी कडेने करपते, पण पावसात मुळापासून पुन्हा येते. बुलबुल तिच्यात घरटं करतो कारण मांजराला काट्यांतून जाता येत नाही. मेमध्ये मुलं तोंडं काळी करून घेतात ते वेगळंच. कुंपणाबरोबर जुना गडगा असेल तर तो पुन्हा रचून घ्या. दगड पेटत नाही, पण गडग्याच्या दोन्ही अंगांना गवत उभं राहिलं तर आग त्याच्यावरून उडी मारते. दोन्हीकडे तीन-तीन फूट खरवडलेलं हवं. लोक गडग्याची आतली बाजू साफ करतात आणि बाहेरची ‘आपली नाही’ म्हणून सोडतात. आग बाहेरूनच येते.

सर्वांत लांब, वरकसाच्या टोकाला आणि पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, पानं गाळणारी आणि पाखरांची आवडती मंडळी. उंबर किंवा नांदरूक पऱ्याला. उंबर पिकला की हरियाल येतात, धनेश येतो. काजरा असेल तर तोडू नका. त्याचं फळ आपल्याला विष, धनेश मजेत खातो. ऐन, किंजळ, कुंभा, धायटी उतारावर. धायटीची लाल फुलं फेब्रुवारीपासून शिंजिरांना मध देतात, ती भाजली तरी बुडातून येते. ताम्हण, आपलं राज्यफूल, पाण्याजवळ. काटेसावर हवीच असेल तर शेवटच्या कोपऱ्यात. तिचा कापूस उन्हाळ्यात घरभर उडतो आणि एका ठिणगीत जातो.

तुमच्याकडे काजूही आहेच. मुलीला कोणी सांगेल की काजू परदेशी, पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला, काढा. काढू नका. त्याने घर चालतं. बुडाशी आळं स्वच्छ ठेवा एवढंच. परदेशीपणाचा राग काढायचाच असेल तर रानमोडीवर, टणटणीवर आणि शेतकडेला सरकारी हिरवळ म्हणून लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियावर काढा. अकेशियाचा पाला कुजायला फार वेळ लागतो, थरावर थर साचतो आणि त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही. रानमोडी सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलं यायच्या आत, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. जानेवारीत तोडली तर बी सगळीकडे उधळतं.

आता मुलीच्या प्रश्नाचं खरं दुखणं. पाखरांना, किड्यांना, सरड्यांना जे हवं ते नेमकं आगीलाही हवं: पातेरा, वाळकी फांदी, दाट झुडूप. यात तडजोड अंतराची करावी लागते. घराजवळ टापटीप, लांब पसारा. परड्यातला पातेरा झाडून जाळू नका, पऱ्याकडच्या सावलीत चिऱ्यांचे तीन फूट उंच उघडे हौद बांधा, त्यात पातेरा आणि त्यावर मातीचा हात, पुन्हा पातेरा. पावसात दबून पुढच्या वर्षी खत होतं. मातीखाली दबलेला पाला सहजासहजी पेटत नाही आणि त्यात गांडुळं, गोम, बेडूक सगळे राहतात. वाळकं झाड उभं असेल आणि ते घरापासून, तारेपासून लांब असेल तर राहू द्या. सुतार त्याच्यात ढोली करतो, नंतर तीत पोपट येतात.

फुलपाखरांचं सोपं आहे. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून ज्याची निवड केली तो निलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतो. तुमच्या परड्यातल्या लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली तर फवारू नका, ती त्याची किंवा त्याच्या भावंडांची असण्याची शक्यता आहे. चार पानं खाईल.

पाण्यासाठी जुनी दगडी डोण असेल तर ती झुडपापासून सात-आठ फूट अंतरावर ठेवा, म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही. फेब्रुवारी ते मे, दर दोन दिवसांनी पाणी बदला.

आणि जे व्हिडिओत सांगत नाहीत ते: तुम्ही पाहुण्यांची निवड करू शकत नाही. उंबरावर हरियाल येतील तसे वानरही येतील. म्हणून फळझाडाची फांदी कौलांवर येता कामा नये. दगडांचे ढिगारे सरड्यांसाठी उत्तम, फुरसं या विषारी सापासाठीही उत्तम, आणि आपला भाग फुरशाचाच आहे. दगडांची रास आणि भोकाभोकांचा गडगा घरापासून लांब, घराजवळच्या पायऱ्या आणि जोतं सिमेंटने फटी बुजवलेलं. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाऊल नको. हे मान्य असेल तरच मुलीला हो म्हणा. ती पुण्यात आहे, राहायचं तुम्हाला आहे.

वरचा सडा तुमच्या मालकीचा थोडा असेल तर त्याच्यावर काहीही लावू नका. लोकांना तो ओसाड वाटतो म्हणून खड्डे फोडून झाडं लावतात. पहिल्या पावसानंतर तिथे दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ही कोकणाबाहेर जवळपास कुठे नाही. पुढे सीतेची आसवं येतात. मार्चपासून टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, वणवा तिला पळायला वेळ देतो, अंड्यांना देत नाही. सड्याला फक्त आगीपासून राखणं हवं आहे.

आबांचं कसं करायचं? तुमच्या पत्रात ते गुन्हेगारासारखे आले आहेत. आधी त्यांना विचारा ते का पेटवतात. बहुतेक तीन उत्तरं येतील: नवं गवत लुसलुशीत येतं, काटेरी साफ होतं, जनावर-सर्प पळतात. पहिलं अर्धं खरं आहे. राखेवर कोवळा फुटवा लवकर येतो, गुरं तो आवडीने खातात. पण उतारावरची राख जूनच्या पहिल्या सरींत वाहून जाते, आणि वर्षानुवर्षं जाळलेल्या जमिनीवर चांगलं गवत कमी होऊन कुसळीच उरते, हे आबांनी स्वतः पाहिलेलं असणार. ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. राखीव वनाला आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, पण तुम्ही शेजारी आहात, कायद्याची भाषा तुमच्या तोंडी शोभणार नाही आणि उपयोगाचीही नाही.

त्याऐवजी देणं-घेणं करा. तुमच्या वरकसातलं गवत त्यांच्या गुरांना फुकट कापून न्यायला सांगा, पट्टा आपोआप होईल. मशीनवाला लावाल तेव्हा बांधाच्या त्यांच्या बाजूचाही दहा फूट पट्टा त्याच पैशांत करून घ्या. आणि एकच मागणी ठेवा: पेटवायचंच असेल तर आदल्या दिवशी निरोप, आणि सकाळी दव असताना, दुपारी नाही. एवढं बहुतेक माणसं ऐकतात.

एकट्या घराने वणवा अडत नाही हेही आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय काढा, म्हणजे हंगामाआधी ठराव होतो: कुलूपबंद घरांभोवतीचं गवत कोण कापणार, विजेच्या डीपीखालची जागा कोण साफ करणार, तारांना घासणाऱ्या फांद्यांसाठी लाइनमनला कोण सांगणार. पैसे मात्र ग्रामसभेत जमत नाहीत. ते गणपतीत जमतात. सगळे चाकरमानी आलेले असतात, स्वतःच्या बंद घराची काळजी प्रत्येकाला असते, आरतीनंतर विषय काढला तर गवतकापणीची वर्गणी तिथल्या तिथे निघते. यंदाचे गणपती गेले, पुढच्या वर्षी चुकवू नका. मार्चमध्ये वाडीच आली होती तुमच्या मदतीला, हे लक्षात ठेवून तुमची वर्गणी जरा जास्त असू द्या.

आग दिसलीच तर: १०१ किंवा ११२, वनक्षेत्र जवळ असेल तर वनखात्याचा १९२६. बंब तालुक्याहून यायला वेळ लागतो, म्हणून पिंप भरलेलं आणि फवारणीचा पंप तयार हवा. सुती कपडे, पायात चप्पल नव्हे बूट. गॅसचा सिलिंडर बंद करा. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नका, जळून गेलेल्या काळ्या जमिनीवरून आग मारत या. कलमं वाचवायला म्हणून आत शिरू नका. ठिबकचे नवे पाइप वीतभर मातीखाली पुरा.

कलमांचं शेवटी विचारलंत. आता पावसाळा उलटून गेला आहे, म्हणजे जी जगायची ती फुटली आहेत. प्रत्येकाच्या बुंध्याशी बसून कलमाचा सांधा शोधा, जमिनीपासून वीतभर वर किंचित गाठीसारखा असतो. फुटवा त्या सांध्याच्या वरून आला असेल तर ते तुमचं कलमच आहे. सगळ्यांत जोमदार एक फुटवा ठेवा, बाकी काढा, वरचं जळकं लाकूड हिरवं लागेपर्यंत कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. फुटवा सांध्याच्या खालून असेल तर तो खालच्या गावठी रोपाचा. टाकायची घाई नको, मूळ जुनं आणि खोल गेलेलं आहे. त्याच फुटव्यावर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची काडी घेऊन मृदुकाष्ठ कलम बांधून घेता येतं, हंगाम कृषी सहायकांना विचारा. दोन्ही फुटवे एकत्र वाढू दिलेत तर गावठी कलमाला दाबून टाकेल.

भाजलेल्या झाडावर खोडकिडा हमखास येतो. बुडाशी डिंक आणि भुश्शासारखी पूड दिसली की साल सोलून अळी काढा, ते झाड फार पोखरलेलं असेल तर मुळासकट काढून बागेबाहेर न्या, नाहीतर शेजारची जातील. मार्चमधलं नुकसान पंचनाम्यात आलं नसेल तर आता उशीर झाला आहे, पण पुढे कधी तसं झालं तर जळलेलं काही हलवण्याआधी फोटो काढून तलाठ्यांना आणि कृषी सहायकांना कळवा.

जी पूर्ण गेली त्या जागी पुन्हा सगळे काजूच लावू नका. खालच्या पश्चिमेच्या दोन ओळी कोकमाला द्या. कलमं जूनमध्ये एकदम मागितली तर मिळत नाहीत, जानेवारीतच नोंदवून ठेवा.